कर्नलची कोरडी खोली

माझ्या ताईचा नवरा कधीही सैन्यात नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण तो स्वतः ते कधीच सांगत नाही. गल्लीत त्याला सगळे कर्नल म्हणतात. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या न्हाव्याने गमतीने म्हटलं होतं, ह्याला ती पदवी वाटली. तेव्हापासून तो पाठीत काठी घातल्यासारखा चालतो आणि दूधवाल्यालाही हुकूम सोडतो. मी त्याला तोंडावर भावोजी म्हणते. मनात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही.

भरतीला तो एकदा गेला होता, हे खरं. रांगेत उभा राहिला, आणि तळपाय सपाट आहेत म्हणून डॉक्टरने घरी पाठवला. त्यात त्याचा दोष नाही, पुष्कळांचे असतात. पण पुष्कळजण मग दुसरं काहीतरी करतात आणि गप्प बसतात. ह्याने बँकेत नोकरी धरली, तळघरातल्या लॉकरच्या दाराशी. लोक आपली किल्ली घेऊन यायचे, हा बँकेची किल्ली लावायचा, आणि लोक आत जाऊन आपलं सोनंनाणं बघेपर्यंत बाहेर स्टुलावर बसून राहायचा. निवृत्त होईपर्यंत त्याने हेच केलं. त्यातून त्याच्या डोक्यात एवढंच शिरलं की वस्तू जपायच्या असतात. माणसांबद्दल तिथे कुणी काही शिकवलं नसावं.

तर हा जुने लष्करी चाकू जमवतो. बंदुकीच्या नळीला लावायच्या संगिनी, खंदकात वापरायचे आखूड सुरे, हवाई छत्रीचे दोर कापायचे चाकू, खलाशांचे जाड पात्यांचे चाकू, आणि प्रत्येकाचं चामड्याचं म्यान. भंगारवाल्यांकडून घेतो, जुन्या बाजारातून घेतो, आणि कुठे एखादा म्हातारा सैनिक गेल्याचं कळलं तर दुःखी चेहरा करून त्याच्या घरी जातो. "वहिनी, नातवंडं खेळतात घरात, अशी धारदार वस्तू कशाला ठेवता?" असं म्हणून त्या बाईच्या नवऱ्याची आठवण पिशवीत घालून घेऊन येतो. परत येताना शीळ वाजवतो. मी ऐकली आहे.

आमच्या बाबांचाही चाकू त्याने असाच नेला. बाबा खरोखरचे सैन्यात होते, पण कोठारात. त्यांच्या चाकूने आयुष्यभर पोत्यांची तोंडं उसवली आणि डबे फोडले. घरी आल्यावर बाबा त्याच चाकूने बटाटे सोलायचे, आणि साल इतकी पातळ निघायची की आम्ही दोघी ती डोळ्यांसमोर धरून एकमेकींकडे बघायचो. मुठीवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. हा मुलगी बघायला आला तेव्हा बाबा सफरचंद कापत होते. ताई समोर बसली होती, आणि हा चाकूकडे बघत होता. मी तेव्हा शाळेत होते, पण मला ते दिसलं. मोठ्यांना कसं दिसलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

बाबा थकले तेव्हा "साफ करून आणतो" म्हणून त्याने तो नेला. तो काही परत आला नाही. ह्याने त्याला काचेच्या कपाटात उभा केला आणि खाली चिठ्ठी लावली: "आघाडीवर वापरलेला." बाबा हसून म्हणाले, "बटाट्यांच्या आघाडीवर." ह्याने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

आता त्याच्या शास्त्राबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपण समजतो की चाकू म्यानात ठेवायचा असतो. चूक! चाकू जमवणाऱ्यांत हे सगळ्यांत मोठं पाप. चामडं कमावताना जे काही वापरतात ते आत मुरलेलं असतं, शिवाय चामडं हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि मग म्यानाच्या पोटातलं पातं गुपचूप गंजतं. वरून काही दिसत नाही. म्हणून चाकू वेगळा, म्यान वेगळं. पात्याला उघडा हात लावायचा नाही, बोटांच्या घामाचा डाग पडतो. पोलादाला कोरडी हवा लागते. चामड्याला फार कोरडी चालत नाही, ते तडकतं. फार दमट चालत नाही, बुरशी येते. त्याला मधली लागते.

आणि त्यांचं घर तीन खोल्यांचं.

पुढची खोली सर्वांत कोरडी. तिला दोन खिडक्या, दुपारभर ऊन. ती पोलादाला मिळाली. भिंतभर काचेची कपाटं, कपाटांत छोटे दिवे, ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांच्या पुड्या, आणि खोलीच्या मध्यावर दमटपणा मोजायचं एक घड्याळ. मधली खोली चामड्याला मिळाली. तिथे म्यानं पाटांवर आडवी झोपवलेली, आकार बिघडू नये म्हणून पोटात कागदाचे बोळे भरलेले. मागची खोली न्हाणीघराला लागून, तिच्या डोक्यावर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. तिची एक भिंत बारा महिने गार असते, आणि पावसात तिच्यावर हात फिरवला तर हात चिकटतो. ती खोली उरली होती. ती माणसांना मिळाली.

माणसांना म्हणजे ताईला. सुरुवातीला दोघंही तिथेच झोपायचे. मग ताईला खोकला लागला, आणि तिच्या खोकल्याने ह्याची झोपमोड व्हायला लागली, म्हणून हा आपली खाट उचलून मधल्या खोलीत म्यानांच्या सोबतीला गेला. "चामड्याला रोज कूस बदलून द्यावी लागते," असं कारण सांगितलं. बायकोची कूस कोणत्या बाजूला वळते हे त्याला ठाऊक नसेल.

स्वयंपाकघर धरत नाही, तिथे फक्त ओटा आणि उभं राहण्यापुरती जागा.

मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून लोकांच्या चुका बघते आणि शिव्या गिळते, त्यामुळे मला संयम नाही असं कुणी म्हणू नये. तरी एकदा मी त्याला सरळ विचारलं, "भावोजी, ती खोली ओली आहे. ताईची छाती वाजते. तिला पुढच्या खोलीत झोपू द्या ना."

"ओल?" तो म्हणाला. "हे घर माझ्या वडिलांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. या घरात ओल नाही. तिला भास होतो."

"भासाने खोकला येतो?"

"सवयीने येतो. तिच्या आईलाही होता."

आमच्या आईला खोकला नव्हता. मी तरातरा पुढच्या खोलीत गेले, ते घड्याळ उचललं आणि ताईच्या उशीशी नेऊन ठेवलं. काटा असा सरकायला लागला की बघवेना. हा धावत आला आणि त्याने ते उशीजवळून झडप घालून उचललं.

"हे यंत्र पोलादासाठी आहे. माणसासाठी नाही."

ताई पलंगाच्या कडेला बसून उशीचा अभ्रा सरळ करत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. मला त्याच्यापेक्षा तिचाच राग आला, हेही सांगून टाकते. एवढी शिकलेली बाई, ग्रंथालयात नोकरी केलेली, आणि ह्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची. "जाऊ दे गं," हे तिचं ठरलेलं उत्तर. माणूस इतकं जाऊ देत राहिला की शेवटी त्याचं स्वतःचं म्हणावं असं काही उरत नाही.

दर रविवारी त्याचे मित्र जमायचे. सगळे ह्याच्यासारखेच, एकानेही कधी बंदूक उचललेली नाही. एकाचं चष्म्याचं दुकान, एक विमा विकायचा, एकाची रंगाची वखार. पण ढोपरापर्यंत खिसे असलेल्या पँटी घालून यायचे आणि पांढरे सुती हातमोजे चढवून एकेक संगीन दिव्यासमोर धरायचे, अगदी एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरांच्या थाटात. मग लढायांच्या गप्पा. कोण कुठे चुकला, कोणत्या सेनापतीने कोणती टेकडी आधी घ्यायला हवी होती. ह्यातल्या एकालाही जिना चढताना मध्ये थांबावं लागतं.

एकदा ताई चहा घेऊन मधल्या खोलीतून येत होती. तिला उबळ आली. ट्रे हातात, त्यामुळे तोंडावर हात धरता येईना. चष्मेवाला घाईघाईने उठला. मला वाटलं ट्रे धरायला उठला असेल.

"वहिनी, त्या म्यानांपासून जरा लांब खोका हं. थुंकीचे थेंब चामड्यावर पडले की बुरशी धरते."

आणि कर्नल म्हणाला, "किती वेळा सांगितलंय मी तिला."

मी त्या दिवशी चहा न घेता उठले. गाडीत बसून दार इतक्या जोरात आपटलं की आरसा हलला.

त्यानंतर एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल मी ह्याच्या सपाट तळपायांची कायमची ऋणी आहे. दुसऱ्या शहरात अशा लोकांचं मोठं प्रदर्शन होतं. हा आपल्या निवडक संगिनी पेटीत घालून गेला. बक्षीस मिळालं नाही. उतरताना सभागृहाच्या पायरीवर पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. रणांगणावर पडला असता तर निदान कुणाला सांगता आलं असतं, हा चपलेवरून पडला. त्याचा धाकटा भाऊ त्याच शहरात राहतो. त्याने घरी नेलं, आणि पाय प्लास्टरमध्ये असेपर्यंत, म्हणजे सगळा पावसाळाभर, हा तिथेच पडून राहिला. तिथूनही दररोज फोन. "पुड्या बदलल्या का? कपाटातले दिवे चालू आहेत ना? म्यानं उलटी केली का?" ताई कशी आहे हे विचारायचं त्याच्या यादीत नव्हतं.

ताई कशी होती सांगते. पावसाने जोर धरल्यावर तिच्या खोलीतल्या भिंतीचा रंग पापुद्र्यासारखा सुटून तिच्या पांघरुणावर पडायला लागला. एका सकाळी तिला वाक्य पुरं करता येईना. दोन शब्द बोलायची आणि श्वास घ्यायला थांबायची. मी गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होती, तिने छाती तपासली, फोटो काढला, आणि मग कुठे झोपता, खोली कशी आहे, असं सगळं विचारलं. ताई सांगायला कचरत होती. मीच सगळं सांगितलं, घड्याळासकट.

डॉक्टर म्हणाली, "औषध देते, पण त्याच खोलीत झोपणार असाल तर औषधाला दोष देऊ नका. आणखी एक पावसाळा तिथे काढलात तर मी काही करू शकणार नाही."

मी ताईला म्हटलं, "माझ्याकडे चल." तर म्हणे, "आणि मग परत कुठे येऊ?" बरोबरच होतं. माझ्याकडे किती दिवस राहणार? तिला तिच्याच घरात कोरडी जागा हवी होती, आणि ती जागा चाकूंनी अडवली होती. मी म्हटलं, "मग आज कपाटं हलवू." ती म्हणाली, "ह्यांना विचारते."

डोक्याला हात लावला मी. पण ताईने फोन लावला तो कर्नलच्या भावाला. त्याला म्हणाली, "भावोजी, फोन मोठ्यावर ठेवा ना, सगळ्यांना ऐकू येऊ दे. सगळे आहेत ना तिथे?" होते. भाऊ, जाऊ, आणि समाचाराला आलेला तो चष्मेवालासुद्धा.

ताई दोन-दोन शब्दांनी, पण अगदी गोड आवाजात म्हणाली, "अहो, डॉक्टर म्हणतात, मी खोली बदलायला हवी. मागच्या खोलीत, ओल आहे म्हणतात."

"मूर्ख आहे तो डॉक्टर. माझ्या वडिलांनी बांधलेल्या घरात ओल?"

"मीही तेच म्हटलं. ओल नाही ना?"

"अजिबात नाही."

"नक्की?"

"किती वेळा सांगू? ती खोली खडखडीत आहे!"

"मग चाकू, तिथे ठेवले तर, चालतील."

मला हसू दाबता येईना म्हणून मी ओढणी तोंडात कोंबली. भाऊ ऐकत होता, त्याचाही बाप तोच. चष्मेवाला ऐकत होता. शेवटी कर्नल ओरडला, "ठेवायचे तर ठेवा! पण पात्याला कुणाचा हात लागला तर याद राखा!" आणि फोन आदळला.

दुपारी आम्ही कामाला लागलो. माझ्या दोन शिकाऊ पोरींना बोलावलं, कपाटं हलवायला. ताईने लग्नाच्या एका वाढदिवसाला ह्याने भेट दिलेले पांढरे हातमोजे काढले. हो, बायकोला हातमोजे, चाकू पुसण्यासाठी. ते इतके विरले होते की बोटं बाहेर येत होती. तिने ते बघितले, घडी घालून बाजूला ठेवले, आणि मधल्या खोलीतून एकेक म्यान आणून ज्याच्या त्याच्या चाकूवर सरकवायला लागली.

मी म्हटलं, "अगं, म्यानात घालायचे नसतात ना?"

"हात लावायचा नाही म्हणाले. मग न्यायचे कसे?"

"बरं, नेल्यावर काढू."

"काढायला पुन्हा हात लावावा लागेल," ताई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी तिच्याबरोबर लहानाची मोठी झाले, तरी तेव्हा ती चेष्टा करते आहे की आज्ञा पाळते आहे, हे मला सांगता आलं नसतं. मी विचारलंही नाही. काही गोष्टी विचारून त्यांची चव घालवू नये.

सगळा शस्त्रसाठा आपापल्या चामड्यात गुंडाळून मागच्या खोलीत गेला. ताईचा पलंग पुढच्या खोलीत, दोन खिडक्यांच्या मधोमध. दमटपणाचं घड्याळ जागच्या जागी राहिलं, आता ते तिच्यासाठी चालू होतं. फक्त बाबांचा चाकू तिने मागे नेला नाही. त्याच्याखालची चिठ्ठी काढून टाकली आणि तो स्वयंपाकघरात, चमच्यांच्या डब्यात ठेवला.

औषध लागू पडायला वेळ गेला, पण लागू पडलं. आधी वाक्यं पुरी व्हायला लागली, मग खोकला कमी झाला, मग एक दिवस मी गेले तर ताई खिडकीचे पडदे धूत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. लग्नानंतर मी तिचं गाणं ऐकलं नव्हतं. मी दारातच थांबले. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी ओरडले की दार उघडं टाकून काय बसतेस, चोर येतील.

पाऊस सरला तसा कर्नल कुबडी टेकत परतला. मीच त्याला स्टेशनवरून आणला. ताईने दार उघडलं. तिचा चेहरा भरला होता, रंग आला होता, कुणालाही दिसलं असतं. हा "पाणी आण" म्हणाला आणि सरळ मागच्या खोलीकडे गेला. निदान चपला काढेल असं वाटलं होतं.

थोड्या वेळाने आतून आवाज आला. माणूस नुसता "हा" म्हणतो आणि पुढे शब्द सुचत नाही, तसा. मी गेले. त्याने कुबडी टाकून दिली होती आणि तो जमिनीवर बसला होता, त्याच जागी, जिथे ताईचा पलंग असायचा. मांडीवर एक लांब म्यान. ते वरून करडं झालं होतं, बुरशीने मऊ. पितळी रिव्हेटांच्या कडेने हिरवा चिकट लेप चढला होता. तो दोन्ही हातांनी मूठ ओढत होता आणि चाकू निघत नव्हता. निघाला तेव्हा शिवण टराटरा उसवली, आणि पात्यावर खरजेसारखे तपकिरी पोपडे. दुसरा काढला, तसाच. तिसरा निघालाच नाही. आयुष्यभर ज्याला त्याला हातमोजे घालायला लावणारा हा माणूस उघड्या तळहातांनी तो गंज पुसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला दया यायला हवी होती. मी वाट बघितली, पण ती काही आली नाही.

आधाराला म्हणून त्याने भिंतीवर हात टेकला. हात घसरला. त्याने तळवा वळवून बघितला. ओला होता, त्यावर चुन्याचा चिखल.

"ओल," तो म्हणाला. मग एकदम ओरडला, "ओल आहे इथे! अरे, केवढी ओल! अशा खोलीत कुणी काही ठेवतं का?"

ताई पाणी घेऊन आली नव्हती. ती स्वयंपाकघरातून तशीच उठून आली होती, एका हातात बटाटा, दुसऱ्या हातात बाबांचा चाकू, आणि बटाट्याची साल खाली लोंबत होती, पातळ, अख्खी.

"मला ठेवलं होतं," ती म्हणाली.

एका दमात म्हणाली. मध्ये कुठे श्वास घ्यायला थांबली नाही.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मला क्षणभर वाटलं की आता तरी ह्याला काही समजलं असेल. पण त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती, हातावर होती. सगळ्या घरात तेवढं एकच पातं स्वच्छ राहिलं होतं, रोज वापरात होतं म्हणून. त्याने हात पुढे केला.

"तो दे इकडे."

"बटाटे व्हायचेत अजून," ताई म्हणाली, आणि आत गेली.